चार नंबरची बोट सुस्थितीत तरंगत आहे

समुद्राच्या तळाशी, अठरा मीटर खोलीवर, एक जुनी फेरीबोट बुडालेली आहे आणि तिच्यावर कुणी नांगर टाकू नये म्हणून तिथे इशाऱ्याचा एक तरंगता बोया बसवावा, एवढ्या साध्या मागणीचा अर्ज पाणबुड्याने एका सोमवारी सकाळी जलतळ मालमत्ता कार्यालयात दिला. अर्ज एका पानाचा होता. भाषा नम्र होती, सही वाचता येत होती आणि सोबत नकाशा जोडलेला होता. त्यात दोष काढायचाच तर एवढाच होता, की सगळा मजकूर खरा होता.

बायकोने आदल्या दिवशी त्याला सांगून पाहिलं होतं. धक्क्यावर बसून पर्यटकांचे कपडे, चपला आणि चष्मे सांभाळायचे, बोट हलून ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांच्या हातात लिंबू द्यायचं, ही तिची कामं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला फार थोड्या गोष्टींत अडवलं होतं.

"अहो, आपलं बरं चाललंय," ती म्हणाली. "बरं चाललंय हे कचेरीला कशाला कळवायचं?"

शहाण्याने कचेरीची पायरी चढू नये हे पाणबुड्यालाही ठाऊक होतं. पण गोष्ट चार नंबरच्या बोटीची होती, आणि तिच्या बाबतीत तो शहाणा नव्हता. बावीस वर्षं त्याने तिचं इंजिन सांभाळलं होतं. कुठला बोल्ट कधी कुरकुरतो, कुठल्या बाकावर पाणी गळतं, थंडीत इंजिन सुरू करताना आधी दोन शिव्या द्याव्या लागतात की तीन, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. नवा पूल झाला आणि पाचही फेरीबोटी एकदम निवृत्त झाल्या. इतर चार भंगारात गेल्या. चार नंबरच्या नशिबी मात्र थोर कार्य आलं. तिला समुद्रात बुडवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळखडक तयार करायचा, माशांना घर आणि पर्यटकांना तमाशा मिळवून द्यायचा, असं ठरलं. ही कल्पना कुणा एका हुशार माणसाची होती. तिला मंजुरी द्यायचं काम इतरांकडे होतं.

मंजुरीची वाट बघण्यात नऊ वर्षं गेली आणि तरी ती मिळाली नाही. तेवढा काळ बोट जुन्या धक्क्याला बांधलेली होती. शेवटी एका वादळी दुपारी तिने दोर तोडला, अर्ध्या मैलावर गेली आणि कुणाचंही पत्र न घेता सरळ उभीच्या उभी बुडाली. कार्यालयातल्या कुठल्याही फायलीने नऊ वर्षांत घेतला नव्हता तेवढा निर्णय तिने वीस मिनिटांत घेतला.

त्याला आता सात वर्षं झाली होती. सात वर्षांत बोटीच्या कठड्यांवर पोवळी धरली, बाकांच्या खाली खेकड्यांनी संसार थाटले, सुकाणूच्या चाकावर दाराच्या फळीएवढं जाळीदार जांभळं प्रवाळ पंख्यासारखं उघडलं. तिकीट खिडकीच्या मागे जाडजूड ओठांचा एक करडा मासा राहायला आला. तो खिडकीतून तोंड बाहेर काढून येणाऱ्याकडे असा बघायचा, की माणसाचा हात आपोआप सुट्ट्या पैशांसाठी खिशाकडे जावा. पाणबुड्या त्याला तिकीटमास्तर म्हणायचा. खरा तिकीटमास्तरही तसाच बघायचा.

इंजिनवाल्याचा पाणबुड्या झाला तो पन्नाशीत, निव्वळ बोटीला भेटण्यासाठी. पुढे लोक विचारू लागले, मग तो लोकांना नेऊ लागला. खाली जाण्याआधी तो सगळ्यांना ओळीने बसवून हातांच्या खुणा शिकवायचा, कारण पाण्याखाली बोलता येत नाही आणि माणसाला तेवढा वेळ गप्प राहायची सवय नसते. "अंगठा वर करायचा नाही," तो बजावायचा. "अंगठा वर म्हणजे मला वर घेऊन चला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून असा गोल करायचा. मी विचारलं की गोल. मी बघितलं की गोल." लोकांना ती खूण फार आवडायची. फोटोत छान दिसते म्हणून ती न विचारताही करायचे.

सगळं सुरळीत होतं, पण सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मोठ्या हौशी बोटी थेट चार नंबरवर नांगर टाकू लागल्या. एका रविवारी अशा नांगराने सुकाणूवरचा तो जांभळा पंखा मुळासकट उपटून नेला. मास्क घालून रडू नये, काच धुरकटते, असं पाणबुड्या पर्यटकांना सांगत असे. त्या दिवशी त्याचीच काच धुरकटली. संध्याकाळी त्याने अर्ज लिहायला घेतला.

अर्ज आवक-जावक बाईंनी घेतला. बाई त्या टेबलावर इतकी वर्षं होत्या की येणारा कागद हातात घेऊनच, तो परत केव्हा जाईल किंवा जाणारच नाही, हे त्यांना कळायचं. त्यांनी नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि चष्म्यावरून पाणबुड्याकडे पाहिलं. चार नंबरची बोट तर तरंगतेय, असं त्या म्हणाल्या. कालच तसा अहवाल आला होता. परवाही आला होता. गेल्या सात वर्षांत एक दिवस खंड नव्हता.

हे अहवाल जुन्या धक्क्यावरचा राखणदार पाठवत असे. बोट बुडाली त्या दुपारी तो रजेवर होता. दुसऱ्या दिवशी कामावर आला तर राखायचं तेच गेलेलं. त्याच्या वहीत रोजच्या पानावर एकच ओळ छापलेली होती, 'नौका सुस्थितीत तरंगत आहे', आणि खाली सहीची जागा. न तरंगण्यासाठी रकानाच नव्हता. त्याने तोंडी कळवलं तेव्हा लेखी मागितलं गेलं, लेखी दिलं तेव्हा ते विहित नमुन्यात नव्हतं, आणि विहित नमुन्यावर बोटीच्या कप्तानाची सही लागत होती. कप्तानाचं पद बोटीबरोबरच रद्द झालं होतं. मग राखणदार निमूटपणे रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसू लागला आणि रोज सही करू लागला. तो गैरहजर मात्र एक दिवसही राहिला नाही.

अर्ज मालमत्ता अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला आणि तिसऱ्याच दिवशी पाणबुड्याला बोलावणं आलं. इतक्या लवकर बोलावणं आलं म्हणून तो खूश झाला. बायको खूश झाली नाही.

अधिकारी नवे होते आणि वाईट अजिबात नव्हते. वाईट माणसाला काहीतरी हवं असतं, ते देऊन सुटता तरी येतं. यांना फक्त नियम हवा होता. त्यांनी पाणबुड्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, नकाशाचं कौतुक केलं आणि मग पेचप्रसंग समजावून दिला. बोट तरंगत असेल, तर पाणबुड्या लोकांना सात वर्षं भलतंच काहीतरी दाखवतोय. बुडालेली असेल, तर ती मंजुरीशिवाय बुडालेली आहे. जे मंजुरीशिवाय बुडालं त्याच्यावर शासनाचा बोया बसवता येत नाही. तेव्हा आधी बुडणं नियमित करून घ्यावं लागेल.

"घ्या ना मग, साहेब," पाणबुड्या म्हणाला. त्याला वाटलं, एखादा शिक्का लागेल.

साहेबांनी नियमावली उघडली. फक्त तरंगणारी नौकाच बुडवता येते, असं त्यात स्पष्ट होतं, आणि ते चूक आहे असं कोण म्हणेल? म्हणजे चार नंबर आधी वर काढावी लागणार. ती तरंगते आहे असा दाखला घ्यावा लागणार. मग तिला मूळ प्रस्तावातल्या जागी नेऊन, म्हणजे आत्ताच्या जागेपासून दोनशे मीटर डावीकडे, पुन्हा बुडवावी लागणार. साहेबांनी पान उलटलं. बुडवण्यापूर्वी नौका तेल, गंज, रंग आणि सर्व प्रकारची जैविक वाढ यांपासून पूर्णपणे मुक्त असली पाहिजे. तासून, घासून, धुऊन.

"साहेब, ती वाढ म्हणजेच प्रवाळ. तेवढ्यासाठीच तर बोट बुडवायची होती."

"बरोबर. पण ते बुडवल्यानंतर यायचं," साहेब समजुतीने म्हणाले. "हे आधीच आलंय."

पाणबुड्या जिना उतरून खाली आला. खाली नुसतं जाऊन बघितलं तरी जिथली वाळू हलू नये म्हणून तो श्वास जपून सोडायचा, तिथे आता क्रेन येणार होती, साखळ्या येणार होत्या, पत्रे तासायची यंत्रं येणार होती. आणि हे सगळं त्याच्या विनंतीवरून. अर्जदार म्हणून फाईलवर त्याचंच नाव होतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही कागदावर पोच घेऊन, म्हणजे कमाल होती.

आवक-जावक बाईंनी त्याला दारात गाठलं. कायद्यात एक पळवाट आहे, असं त्यांनी इकडेतिकडे बघत सांगितलं. अशा कामाआधी तीस दिवस जाहीर सूचना लावून हरकती मागवाव्या लागतात. एक, अगदी एक जरी हरकत आली तरी प्रकरण वरच्या कार्यालयात जातं. आणि वर गेलेलं प्रकरण खाली कधी येतं? चार नंबर बुडवण्याची मंजुरी वर गेली होती, ती अजून आलेली नव्हती.

"मग मीच घेतो हरकत," पाणबुड्या म्हणाला.

"तुम्ही अर्जदार. आपल्याच अर्जाला हरकत घेता येत नाही."

"मग बायको घेईल."

"अर्जदाराचं कुटुंब. चालत नाही." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आणि हरकत घेणाऱ्याने जागा स्वतः पाहिलेली पाहिजे. म्हणजे शेजारपाजारचेही नकोत. पण तुमच्याकडे माणसांची काय वाण आहे हो? रोज खाली नेता. त्यातल्या एकाची सही आणा."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पाणबुड्याला तर अख्खा ओंडका मिळाल्यासारखं वाटलं. तीस दिवस, रोजची सात-आठ माणसं, आणि त्यातली एकच सही. तो घरी आला तो शीळ घालतच.

सूचना जागेवर, ठळक ठिकाणी लावणं बंधनकारक होतं. जागा समुद्राच्या तळाशी असल्याने सूचनाही समुद्राच्या तळाशी लावण्यात आली. कार्यालयात पोहता येणारं कुणी नव्हतं, म्हणून ते काम पाणबुड्यालाच सांगितलं. साहेब स्वतः वर होडीत छत्री घेऊन बसले होते, आणि पाटी जमिनीपासून पाच फुटांवर, वाचणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत आली ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पाटी प्लास्टिकमध्ये बंद केलेली, पिवळी, चांगली हातभर रुंद होती. पाणबुड्याने ती तिकीट खिडकीच्या शेजारी बांधली. तिकीटमास्तर बाहेर आला, त्याने पाटी एका डोळ्याने वाचली, वळून दुसऱ्या डोळ्याने वाचली आणि आत निघून गेला. पुढच्या तीस दिवसांत ती पाटी वरपासून खालपर्यंत बघणारा तो एकटाच निघणार होता, हे पाणबुड्याला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याची योजना साधी होती. पाण्याखाली कुणाला वाचायला सवड नसते, श्वासाकडेच लक्ष असतं. पण फोटो सगळ्यांना हवा असतो. तेव्हा प्रत्येकाला त्या पाटीशेजारी उभं करायचं, पाटीसकट फोटो काढायचा आणि वर आल्यावर पाठवून द्यायचा. माणूस घरी जाईल, फोटो बघेल, पाटी वाचेल, हळहळेल आणि सही करेल. आधी धक्क्यावरच बायको हरकतीचे कोरे नमुने घेऊन बसेल. पेन कुणी नेऊ नये म्हणून तिने ते दोरीला बांधलं.

लोक चांगले होते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात एकही वाईट माणूस नव्हता. एक दंतवैद्य आले, त्यांनी बोट तासणार हे ऐकून पाणबुड्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि हा अन्याय आहे असं म्हटलं. नमुना त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला, नीट शांतपणे भरतो म्हणून. एका वकिलाने ही हरकत नुसती सही करून नव्हे, मुद्देसूद घ्यायला हवी असं सांगितलं आणि ते मुद्दे काढायला घरी गेले. पर्यावरणावर व्याख्यानं देणाऱ्या एक प्राध्यापक बाई होत्या. त्यांचे तर डोळे भरून आले.

"काका, तुम्ही मला लिंक पाठवा," त्या म्हणाल्या. "मी सही तर करीनच, पण आमच्या गटातल्या चारशे लोकांना करायला लावते."

"ताई, लिंक नाहीये. हा कागद आहे. इथे फक्त तुमची सही."

"हात ओले आहेत हो. कागद खराब होईल." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पाठवा तुम्ही लिंक."

बायकोने टॉवेल पुढे केला. प्राध्यापक बाईंनी त्याने केस पुसले.

दिवस असे जात राहिले. कुणाची गाडी सुटत होती, कुणाच्या पोटात ढवळत होतं. एकाने आपण सरकारी नोकरीत असल्याने फक्त मनातून पाठिंबा देऊ शकतो असं सांगितलं. एका जोडप्याने सही करायची की नाही यावर आपसात इतका वाद घातला, की शेवटी पाणबुड्यानेच त्यांना राहू द्या म्हटलं. इतके लोक येतात, कुणी ना कुणी केलीच असेल, अशी प्रत्येकाची खात्री होती, आणि त्या खात्रीने प्रत्येकजण हलक्या मनाने परतत होता. फोटो मात्र सगळ्यांना आवडले. पिवळ्या पाटीमुळे पाण्यातही चेहरा उजळून येतो, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं, तेव्हापासून गर्दी वाढली. लोक धक्क्यावर पाय ठेवताच पिवळ्या पाटीबद्दल विचारू लागले. पाणबुड्याला वाटलं, आता झालंच आपलं काम.

एकोणतिसाव्या दिवशी तो आवक-जावक बाईंकडे गेला. बाईंनी टपालाची पेटी उघडून दाखवली. भरलेले सात नमुने आले होते. त्याने ते उलगडले. चौघांनी धक्क्यावर स्वच्छतागृह नसल्याबद्दल तीव्र हरकत घेतली होती. दोघांची हरकत गाड्या लावायच्या जागेविषयी होती. सातव्याने हरकतीच्या रकान्यात 'अविस्मरणीय अनुभव' असं लिहून पाच चांदण्या काढल्या होत्या.

तिसाव्या दिवशी त्याने वकिलांना फोन केला. मुद्दे जवळजवळ तयार झाले होते.

एकतिसाव्या दिवशी सुनावणी झाली. खोलीत साहेब होते, टिपण घ्यायला आवक-जावक बाई होत्या आणि टेबलावर एक जाडजूड अल्बम होता. पाणबुड्याने उभं राहून सांगितलं, की बोटीबाबत हरकत कुणी घेतली नसली तरी शेकडो लोकांना मनापासून वाईट वाटलेलं आहे, त्याने स्वतः ते पाहिलं आहे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नागरिकांच्या भावनांची कार्यालयानेही स्वतंत्रपणे दखल घेतली आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी अल्बम उघडला.

त्यात फोटो होते. लोकांनी आपण होऊन जगाला दाखवलेले, कार्यालयाने कष्टाने गोळा करून क्रमांक घातलेले, दोनशे अकरा फोटो. प्रत्येक फोटोत पिवळी पाटी होती, पाटीवर सूचना स्पष्ट वाचता येत होती, आणि पाटीशेजारी एक-एक नागरिक कॅमेऱ्याकडे बघत उभा होता. प्रत्येक नागरिकाने उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला होता.

"ही खूण काय आहे?" साहेबांनी विचारलं.

अठरा मीटर खाली पाणबुड्याला कधी हवा कमी पडली नव्हती. ती या खोलीत पडली.

"तुम्हीच शिकवता असं कळलं. काय अर्थ आहे तिचा?"

"सगळं ठीक आहे," पाणबुड्या म्हणाला.

"लिहून घ्या, बाई."

"साहेब, ती खूण एवढंच सांगते की श्वास नीट चाललाय. बाकी कशाबद्दल नाही. त्यांनी पाटी वाचलीच नव्हती हो."

"ज्याचा श्वास नीट चाललाय आणि समोर सूचना आहे, त्याने ती वाचली नाही असं मी कुठल्या आधारावर लिहू?" साहेबांनी अल्बम त्याच्याकडे सरकवला. त्यांच्या आवाजात कुत्सितपणाचा लवलेश नव्हता. "तुमचे आभारच मानायला हवेत. इतकी बोलकी लोकसंमती आमच्या खात्याला आजवर कधी मिळाली नव्हती."

बाईंनी मान वर केली नाही. शेवटची ओळ लिहिताना मात्र त्यांच्या पेनातली शाई संपली आणि त्यांना दुसरं पेन शोधायला बराच वेळ लागला.

पुढच्या महिन्यात क्रेन आली. पाणबुड्याला साखळ्या कुठे अडकवायच्या ते दाखवण्यासाठी नेमण्यात आलं, कारण बोटीचा सांगाडा त्याच्याइतका कुणाला माहीत नव्हता. तो नाही म्हणू शकला असता. पण दुसऱ्या कुणी चुकीच्या जागी साखळी लावली असती तर बोट मधोमध मोडली असती, आणि तेवढं त्याच्याच्याने बघवलं नसतं. साखळ्या ताणल्या, वाळूचा लोट उठला आणि चार नंबर वर जाऊ लागली. तिकीटमास्तर शेवटपर्यंत खिडकीत होता. पाणी उजळायला लागलं तेव्हा तो बाहेर पडला, खाली आला आणि जिथे खिडकी होती त्या जागेभोवती, रिकाम्या पाण्यात, तेवढ्याच चौकोनात फिरत राहिला. पाणबुड्याने त्याला हात केला. कुठली खूण करायची ते त्याला सुचलं नाही.

बोट तासून, घासून, धुऊन झाली. भोकांवर पत्रे मारले. पोवळी, शिंपले आणि इतर जैविक वाढ अकरा ट्रक भरली, आणि तिची रीतसर विल्हेवाट लावण्यात आली. जुन्या धक्क्याला नवा दोर बांधून बोट पाण्यात सोडली, आणि ती तरंगली. राखणदार खुर्चीवरून उठून उभा राहिला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने वहीतली छापील ओळ शब्दशः वाचली, समोर पाहिलं, पुन्हा वाचली आणि मग सही केली. त्या दिवशी त्याने येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना चहा पाजला.

आता फक्त बुडवणं बाकी होतं. साहेबांनी तपासणीचा दाखला पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. दाखल्यात बोटीची स्थिती 'उत्तम' अशी नोंदवलेली होती. उत्तम स्थितीतली शासकीय नौका हेतुपुरस्सर बुडवणं म्हणजे शासकीय मालमत्तेचं नुकसान, आणि त्याला कुठल्याच नियमाचा आधार नव्हता. बोट पुरेशी खराब होईपर्यंत थांबावं लागणार. त्याला किती काळ लागेल याचा अंदाज घेण्यासाठी प्रकरण वर पाठवण्यात आलं.

पाणबुड्याचा मूळ अर्ज मात्र निकाली निघाला. त्याबाबतीत कार्यालयाकडे बोट दाखवायला जागा नाही. नकाशात दाखवलेल्या नेमक्या ठिकाणी एक मोठा, लाल, अगदी नवा बोया बसवला गेला. 'खाली संरक्षित स्थळ. नांगर टाकू नये.' कुणी टाकत नाही. खाली अठरा मीटरवर सपाट वाळू आहे, आणि तिला ओरखडाही उठलेला नाही. पाणबुड्या कधीकधी एकटाच खाली जाऊन येतो. वर आल्यावर बायको टॉवेल देते.

त्याला अजून फोन येतात. त्या वर्षी येऊन गेलेले लोक पुन्हा यायचं म्हणतात, आता मुलांना आणायचं आहे, तिकीटमास्तर आहे ना अजून, असं विचारतात. बोट नाही म्हटलं की चकित होतात. इतकी सुंदर जागा, आणि कुणी काही बोललं कसं नाही, असं ते रागाने म्हणतात. पाणबुड्या कुणाला दोष देत नाही. त्यांच्या फोटोचा क्रमांक तेवढा सांगतो. अल्बमची एक प्रत अर्जदार म्हणून त्याला मिळालेली आहे.

दोनशे अकरांची यादी काही फार मोठी नाही. तुम्ही कधी तिथे गेला असाल, तर तुमचा फोटोही असेलच कुठेतरी, फोनमध्ये किंवा बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेला. छान आला असेल. निळं पाणी, तुम्ही, जुळवलेली दोन बोटं आणि मागे काहीतरी पिवळं. ते पिवळं एकदा मोठं करून बघा. मुदत उलटून गेलेली आहे, तेव्हा आता वाचायला काहीच हरकत नाही.